कूलर बंद करा, मग बाटली उघडा

गाडीचा रंग जपायच्या कामात पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म आणि सिरॅमिक म्हणजे बाटलीतून लावायचं पातळ कोटिंग, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. या धंद्यात उतरायचं ठरवलंय म्हणजे व्हिडिओ पाहून झालेच असतील. त्या व्हिडिओतल्या दुकानात एसी असतो, नळाला मऊ पाणी असतं. आपल्याकडे जालन्यात पत्र्याचं शेड, बोअरचं पाणी आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडलेला पारा. मी पुण्यात जे वर्कशॉप केलं, त्याचं सर्टिफिकेट अजून भिंतीला आहे. त्यात उन्हाळ्याबद्दल एक ओळ सांगितली नव्हती.

कोटिंग हिऱ्यासारखं कडक असतं, हा भ्रम आधी काढून टाका. बाटलीवर ९एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतलं आहे. त्याचा हिऱ्याशी काही संबंध नाही. कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). समृद्धीवर १२०च्या वेगात पुढच्या ट्रकखालून उडालेला खडा त्याला विचारतही नाही. खडा अडवायचा तर फिल्मच लागते, १५० ते २०० मायक्रॉनची टीपीयू, म्हणजे लवचिक प्लास्टिकची. सिरॅमिकने घाण चिकटत नाही, धुणं सोपं होतं, चमक टिकते. गिऱ्हाइकाला एवढंच सांगा. "स्क्रॅचप्रूफ" हा शब्द तोंडातून काढलात की पुढची दोन वर्षं तो माणूस प्रत्येक ओरखडा घेऊन दारात उभा राहील.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी लांबवणार आहे.

उन्हाळ्यात काळ्या गाडीवर कोटिंग करताना मी कूलर लावला होता. आपला नेहमीचाच, वाळ्याच्या जाळ्यांचा लोखंडी कूलर. बाहेर आग, आत घाम टिपटिप बोनेटवर पडायला लागला, मग कूलर लावायचा नाही तर काय करायचं? रात्री ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसत होती. सकाळी तिरप्या उन्हात बाहेर काढली तर बोनेटवर तेलकट पट्टे आणि टपावर पांढरे बारीक ठिपके. मालक शांतपणे म्हणाले, "दादा, हे काय दिसायलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकवणाऱ्या सरांना फोन केला तर म्हणाले, माल बोगस असेल. माल चांगला होता.

झालं काय ते नीट समजून घ्या. कोटिंगमध्ये सॉल्व्हंट असतो, तो उडायला लागला की इंद्रधनुष्यासारखा रंग दिसतो, आणि तेव्हाच कपड्याने ते पुसून सपाट करायचं असतं. डब्यावर दिलेली वेळ साधारण २० ते २५ अंशांची असते. तापलेल्या पत्र्यावर ती वेळ निम्म्याहूनही कमी होते. वर कूलरचा वारा सॉल्व्हंट आणखी लवकर उडवतो. शिवाय बरीच कोटिंग्ज हवेतल्या ओलाव्यानेच पक्की होतात आणि कूलर दुसरं काय करतो? ओलावाच सोडतो. म्हणजे तुम्ही पुसायला जाता तेव्हा माल अर्धा धरलेला असतो, कपडा अडखळतो, उंचवटे राहतात. यालाच हाय स्पॉट म्हणतात. तासाभरात दिसले तर त्याच जागी थोडं ताजं कोटिंग लावून लगेच पुसा, बहुतेक वेळा सुटतात. दुसऱ्या दिवशी मात्र पॉलिशरचं मशीन आणि कंपाऊंडची पेस्ट घेऊन घासावंच लागतं. मूळ क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ३५ ते ५० मायक्रॉनचा, त्यातला थोडा प्रत्येक वेळी जातोच.

पांढरे ठिपके हा कूलरचाच दुसरा प्रताप. त्याच्या तुषारात बोअरचं पाणी. आपल्या काळ्या दगडातलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. थेंब सुकतो, क्षार मागे राहतो. ताज्या कोटिंगवर तो रुतून बसतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, घ्या आणि स्वतःचं पाणी मोजा. पिण्यासाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, तिच्या पुढचं पाणी गाडीवर सुकू द्यायचं नाही. शेवटचं धुणं आणि फिल्म लावताना तिच्याखाली मारायचं शॅम्पूचं पाणी आरओच्या जारचंच. आरओमधून बाहेर पडणारं वाया पाणी वापरू नका. ते बोअरपेक्षाही जड असतं आणि फुकट मिळतं म्हणून सगळे तेच वापरतात.

मग उन्हाळ्यात काम करायचंच नाही का? करायचं. गाडी आदल्या संध्याकाळीच आत घ्या, पत्रा रात्रभर निवू द्या, पहाटे सुरू करा. हवेचं तापमान मोजत बसू नका, पत्र्याचं मोजा, साध्या इन्फ्रारेड मीटरने. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, पुसा, बाजूने टॉर्च मारून बघा, मगच पुढे. कूलर बंद, पंखाही बंद. घामासाठी कपाळाला रुमाल बांधा. हे करून मे महिन्यातही माझ्या हातून स्वच्छ गाड्या निघाल्यात, तुमच्या हातूनही निघतील. घाबरू नका.

जालन्यात आणखी एक भानगड आहे, लोखंडाची धूळ. रोलिंग मिल्सच्या आजूबाजूला उभी राहणारी गाडी हातात प्लास्टिकची पिशवी घालून चाचपून बघा, खरखर लागते. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ येतात. तो सुकायच्या आत धुवा, मग क्ले, म्हणजे उरलेले कण उचलणारी मऊ माती, फिरवा. ही पायरी टाळून वरून कोटिंग केलंत तर ते कण कोटिंगखाली तसेच राहतात.

फिल्मबद्दल थोडक्यात. आधी फिल्म, मग वर हवं तर सिरॅमिक. उलटं केलं तर गोंद नीट धरत नाही. रंगाची जाडी मोजणारा गेज घेऊन पॅनल मोजा. २०० मायक्रॉनच्या वर आकडा गेला की रिपेंटची शंका घ्या, कारण फिल्म काढताना असा रंग सोबत उपटून येऊ शकतो. आणि लक्षात घ्या, नेहमीचा गेज प्लास्टिकवर चालत नाही, तर सगळ्यात जास्त रिपेंट झालेला असतो बंपर. तिथे मालकाकडून लिहून घ्या. फिल्म कापायला गाडीवर ब्लेड चालवायची हौस पहिल्या वर्षी तरी नको, प्लॉटर मशीनवर आधीच मापात कापलेले तुकडे वापरा. फिल्मखाली पाण्याचे बारीक फुगे दिसले तर सुई घेऊन धावू नका, बहुतेक काही दिवसांत आपोआप जातात.

गुरू कोण करावा? माझं मत विचाराल तर गावातला जुना डेंटर-पेंटर. त्याला सिरॅमिक कळत नसेल, पण रंग कुठे पातळ आहे हे तो बोट फिरवून सांगतो. फुकट शिकवणार नाही, महिनाभर सँडिंग करून घेईल. करा. भंगारातलं बोनेट आणा, त्यावर हात बसवा, मग मित्राच्या बुलेटची टाकी घ्या. फ्रँचायझीचे पैसे मात्र सुरुवातीला भरू नका, बोर्डामुळे हात बसत नाही.

दसऱ्याला नव्या गाड्या आल्या की मालकाला सांगा, पूजा आधी उरका. ताज्या कोटिंगवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं की डाग राहू शकतो, आणि वर नारळाचं पाणी. पहिला दिवस पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर शॅम्पू नाही, हे चिठ्ठीवर लिहून किल्लीसोबत द्या. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. शिकायला सुरुवात नोव्हेंबरात करा, फेब्रुवारीपर्यंत हवा तुमच्या बाजूने असते. मे महिन्यात दुकान उघडायचं असेल तर पहिला उन्हाळा फक्त फिल्मची आणि दुचाकीचीच कामं घ्या.