मॉनिटर जोडायच्या आधी केबल बघा, मग बाकीचं

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावणार असाल तर तो घरी यायच्या आधीच केबल हातात घ्या आणि ती व्हिडिओ नेते का ते बघा. मागच्या वेळी मी नेमकं हेच सोडून बाकी सगळं केलं, ड्रायव्हर काढून परत टाकला, विंडोज अपडेट केलं, आणि दोष निघाला सी टाइप केबलचा. फोनच्या चार्जरसोबत येते ना, ती. दोन्ही टोकांना सी टाइप, बघून काही कळत नाही, पण तशा बहुतेक केबल चार्जिंग आणि यूएसबी २.० म्हणजे हळू डेटा एवढंच नेतात, चित्रासाठी लागणाऱ्या वेगळ्या तारा त्यांच्यात नसतातच. लॅपटॉप चार्ज होतोय म्हणजे केबल ठीक आहे असं धरून चालू नका, सगळे तिथेच फसतात. पाकिटावर ४के व्हिडिओ किंवा थंडरबोल्ट (सी टाइपमधूनच वेगवान डेटा आणि चित्र नेणारा प्रकार) असं स्पष्ट छापलेलं असेल तीच घ्या, आणि आणल्यावर तिला चिठ्ठी चिकटवा, नाहीतर आठवड्याभरात ती चार्जरच्या केबलींमध्ये मिसळते.

आता पोर्ट. सी टाइपचं भोक आहे म्हणून त्यातून डिस्प्ले निघेलच असं नाही, त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे सी टाइपमधून चित्र पाठवायची सोय, लागतो आणि स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो नसतो. पोर्टच्या बाजूला डीपीचं (डिस्प्लेपोर्ट) किंवा विजेचं (थंडरबोल्ट) चिन्ह असतं, पण काही कंपन्या काहीच छापत नाहीत, म्हणून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशन वाचा, दुकानदाराला विचारून भागवू नका. दोन सी पोर्ट असतील तर दोन्हींचं वेगवेगळं वाचा, कधीकधी एकातूनच डिस्प्ले निघतो. मॅकबुक एअर एम१ किंवा एम२ असेल तर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, दोन घेऊन बसू नका. डिस्प्लेलिंकचा डॉक, म्हणजे यूएसबीतून सॉफ्टवेअरच्या मदतीने चित्र पाठवणारा जोड-डबा, वापरून दोन चालवता येतात, पण त्याचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो.

कन्व्हर्टर घेताना दिशा बघा. डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय केबल लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तेव्हाच चालते. उलट लावलीत, म्हणजे लॅपटॉपची एचडीएमआय आणि मॉनिटरची डिस्प्लेपोर्ट, तर काहीही होणार नाही, त्यासाठी वेगळा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुतेक वेळा यूएसबीतून पॉवर द्यावी लागते. दुकानात हा फरक कोणी आपणहून सांगत नाही.

जोडायच्या दिवशी प्लग, बटण वगैरे बघालच. मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट हाताने निवडा, ऑटोवर सोडलं की बऱ्याचदा तो भलत्याच पोर्टकडे बघत बसतो. मग विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा, म्हणजे दोन्ही स्क्रीन मिळून एक मोठी जागा होते. नाही आलं तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज, तिथलं डिटेक्ट. मॅकवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ऑप्शन की दाबून धरली की डिटेक्ट दिसतं. तरीही अंधार असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, स्क्रीन क्षणभर काळी होते, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, घाबरू नका. मॉनिटरची वायर भिंतीतून काढून थोड्या वेळाने लावा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा, शटडाउन नको, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हायची सोय) चालू असतं तेव्हा शटडाउन पूर्ण होतच नाही.

आणि इथे, ड्रायव्हरला हात लावायच्या आधी, केबल बदलून बघितलीत का? दुसरी, व्हिडिओवाली? नसेल तर थांबा, कोणाकडून तरी मागून आणा, मगच पुढे वाचा.

ड्रायव्हरचं थोडक्यात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं दिसत असेल तर खरा ड्रायव्हर नाहीये, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या. दोन ग्राफिक्स असलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट बऱ्याचदा मोठ्या ग्राफिक्स कार्डालाच जोडलेला असतो, बॅटरी वाचवायला ते डिसेबल केलं असेल तर पोर्टही गेला.

चित्र येतंय पण ४के वर माउस अडखळतोय, तर एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं, रेझोल्यूशन कमी करा नाहीतर एचडीएमआय २.० बघा, ते लॅपटॉप, मॉनिटर आणि केबल तिन्हीकडे लागतं.

शेवटी एका वेळी एकच गोष्ट बदला. हाच मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपला, हाच लॅपटॉप घरच्या टीव्हीला, त्याच केबलने आणि मग दुसऱ्या केबलने. एवढं करून लॅपटॉपचा पोर्टच गेलाय असं ठरलं तर दुरुस्तीला द्या, देण्याआधी बॅकअप घ्या, मॉनिटर नवा असेल तर त्याचं बिल आणि खोका रिटर्नची मुदत संपेपर्यंत टाकू नका.