रंग उडालेलं जुनं चित्र छपाईसाठी पुन्हा रंगवायचं, तर

पुण्यातल्या जुन्या घरांत देवघराच्या भिंतीवर फ्रेम केलेलं लक्ष्मीचं किंवा दत्ताचं चित्र अजून दिसतं. एकेकाळचं लाल लुगडं आता मळकट गुलाबी, सोनं राखाडी आणि सगळ्यावर निळसर झाक. मुंजीच्या पत्रिकेवर नेमकं तेच चित्र हवं असतं. स्कॅन उघडला की पहिला मोह होतो तो सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाचा भडकपणा वाढवणारी पट्टी उजवीकडे ओढायचा. त्यानं निळं आणखी निळं होतं, कागदावरचे डाग केशरी होतात आणि लुगडं होतं तसंच राहतं. जो रंग उडाला तो स्कॅनमध्ये आलेलाच नाही, मग वाढवणार काय? उजेड-सावली जुन्या चित्राची घ्यायची आणि रंग नव्यानं भरायचा.

आधी फ्रेम उघडा

फ्रेमच्या पट्टीखाली चित्राची काही मिलिमीटर कड दबलेली असते. तिच्यावर ऊन पडलेलं नसतं, म्हणून मूळ रंग तिथे बराचसा शिल्लक राहतो. स्कॅन करताना ती कड कापू नका, पुढे रंगाचा नमुना तिथूनच उचलायचा आहे. चित्र काचेला चिकटलं असेल तर मात्र ओढू नका. काचेसकट, बाजूच्या उजेडात फोटो काढलेला परवडतो.

मग भिंग घेऊन बघा. फुलांसारखे नेमके रचलेले ठिपके दिसले, तर ती चार रंगी छपाई. तिच्यात उन्हानं यलो (पिवळा) आणि मॅजेंटा (किरमिजी) आधी जातात, सायन (आकाशी निळा) आणि काळा टिकतात. निळसर झाक येते ती यामुळे. ठिपके वाळूसारखे विस्कटलेले दिसले तर ते दगडावरचं लिथो असण्याची शक्यता जास्त. १८७८ साली पुण्यात सुरू झालेल्या चित्रशाळा प्रेसच्या किंवा मळवलीच्या रवि वर्मा प्रेसच्या काळातली चित्रं अशी असतात. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे, त्यामुळे कोणता रंग किती विटला याचा एकच नियम लागत नाही. वर वॉर्निश असेल तर त्याचा पिवळेपणाही हिशेबात धरा.

स्कॅन

त्याच आकारात छापायचं तर ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), दुप्पट करायचं तर ६००. रंग ४८ बिट (म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १६), फाईल टिफ, आणि स्कॅनरची सगळी आपोआप होणारी दुरुस्ती बंद. ठिपक्यांची छपाई असेल तर ६०० च्या खाली जाऊ नका. स्कॅनरचं डिस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणारी सोय) वापरा किंवा नंतर हलका ब्लर देऊन आकार कमी करा. नाहीतर जुने ठिपके आणि नव्या प्लेटचे ठिपके एकमेकांवर चढून जाळी उमटते. लिथोची वाळू मात्र पुसू नका, चित्राचा पोत तोच आहे.

उजेड-सावली वेगळी काढा

फोटोशॉपमध्ये लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल एकेक करून बघा. चार रंगी छपाईत लाल चॅनल सर्वात धडधाकट असतो, कारण तो सायन आणि काळा दाखवतो. हिरवा फिका, पण मॅजेंटाचे उरलेसुरले तपशील त्याच्यातच. निळ्या चॅनलमध्ये कागदाचा पिवळेपणा आणि ओलीचे डाग उठून दिसतात, तो शक्यतो टाळा. मूळ लेअरची प्रत घेऊन तिच्यावर चॅनल मिक्सर लावा, मोनोक्रोम खूण करा, आणि सुरुवातीला लाल ६०, हिरवा ४०, निळा ० ठेवा. बेरीज १०० च्या आसपास राहू द्या.

लुगड्याच्या चुण्या लाल चॅनलमध्ये जवळजवळ नसतात. तेवढ्या भागात मास्क (बाकीचा भाग झाकणारा पडदा) लावून फक्त हिरवा चॅनल घ्या आणि कर्व्हनं ताणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केला तर पुढे लुगड्याच्या जागी सपाट लाल थापा दिसतो.

रंग भरणं

प्रत्येक भागाला स्वतंत्र मास्क: चेहरा, वस्त्र, दागिने, कमळ. मास्कची कड ३०० डीपीआयला १-२ पिक्सेल मऊ ठेवा. सपाट रंगासाठी लेअरचा मोड ‘कलर’ चालतो. फार फिकट भागावर तो धरत नाही, तिथे ‘मल्टिप्लाय’ घ्या.

सोन्यासाठी दोन्ही उपयोगाचे नाहीत. मध्यम राखाडीवर पिवळा टाकला की शेवाळी होतो. तिथे ग्रेडियंट मॅप (राखाडीच्या प्रत्येक छटेला एकेक रंग देणारा) लावा: सावलीला सायन ३०, मॅजेंटा ६०, यलो १००, काळा २५, मध्ये मॅजेंटा २० आणि यलो १००, उजेडाला मॅजेंटा ५, यलो ४०. मधला थांबा डावी-उजवीकडे सरकवून बघा. मुकुट सोन्याचा दिसतो की पितळेचा, ते तिथे ठरतं.

मागचं आकाश

डागाळलेली उतरती छटा दुरुस्त करत बसू नका, नवीन घाला. इथे दगा देतात त्या पट्ट्या. समजा आकाश १० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत गडद होतंय. ८ बिट फाईलमध्ये तेवढ्यात जेमतेम ५१ पायऱ्या मिळतात. चित्र ३०० मिलिमीटर उंच असेल तर एकेक पायरी जवळजवळ ६ मिलिमीटरची, आणि ती डोळ्याला दिसते. म्हणून काम १६ बिटमध्ये, ग्रेडियंटचं डिदर (पायऱ्यांच्या कडा विस्कटणारी सोय) चालू, आणि वर १-२ टक्के एकरंगी गॉसियन नॉइज. जुन्या चित्राच्या पोतात तो मिसळूनही जातो.

छटा शून्यावर नेऊन संपवू नका. २-३ टक्क्यांखालचा ठिपका प्लेटवर धड टिकत नाही, मग आकाश अचानक तुटल्यासारखं दिसतं. निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० नं कमी हवा, नाहीतर छापल्यावर जांभळं. केशरीतून थेट निळ्यात गेलात तर मध्ये राखाडी चिखल होतो, तिथे फिकट दुधाळ रंगाचा एक थांबा घाला.

प्रेसला देण्याआधी

कुठल्याही पेठेतल्या छापखान्यात फाईल द्या, आधी विचारा: कागद कोणता, प्रोफाईल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल) कोणतं, एकूण शाई (चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज) किती चालेल? गुळगुळीत आर्ट पेपरला साधारण ३०० टक्के, बिनचकाकीच्या साध्या मॅपलिथोला त्याहून कमी. ते प्रोफाईल लावून कंट्रोल-वाय दाबा, कागदावर काय उतरेल त्याचा अंदाज येतो. ५० टक्क्यांचा ठिपका छापताना पसरून ६५ च्या आसपास दिसतो. पण प्रोफाईलमध्ये हा पसरटपणा धरलेला असतो, म्हणून वेगळं उजळ करू नका.

सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत रूपांतर एकदाच, लेअर असलेली मूळ फाईल जपून. रूपांतरानंतर इन्फो पॅनेल उघडून भगव्यावर माऊस न्या. त्यात ५-१० टक्के सायन शिरलेला आढळतो. भगवा मळतो तो यानंच. त्या भागापुरता सायन कर्व्हनं खाली आणा. मजकूर चित्रात मिसळू नका, तो वेगळा आणि फक्त काळ्या प्लेटवर. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो, रजिस्टर (चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं) जरा हललं तर चार रंगांची बारीक अक्षरं वाचवत नाहीत.

शेवटी पूर्ण चित्र नको, चेहरा, मुकुट आणि आकाश अशा तीन पट्ट्या त्याच कागदावर छापून घ्या. डिजिटल मशीनवरची पट्टी ऑफसेटशी तंतोतंत जुळत नाही, हे धरून चाला. ट्यूबलाइटखाली नव्हे, खिडकीपाशी दिवसाउजेडी बघा. लॅमिनेशन होणार असेल तर पट्टीवरही करून मागा: मॅटखाली गडद रंग बसतात, ग्लॉसखाली उठतात.