आपत्ती आराखडा घड्याळावरून करा

वस्तीचा आपत्ती आराखडा करायला माणसं जमली की पहिल्या दहा मिनिटांत खरेदीची यादी सुरू होते: दोर, टॉर्च, बोट, जनरेटर. मी ती थांबवते आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: इशारा मिळाल्यापासून पाणी दारात येईपर्यंत आपल्या हातात किती वेळ आहे? कुणीतरी हमखास नाराज होतं, कारण बोट मागणं सोपं असतं. पण हे उत्तर मिळाल्याशिवाय बाकी सगळं कागदावरच राहतं.

उत्तर वस्तीतच असतं. मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे म्हाताऱ्या बायका भिंतीला हात लावून दाखवतात. तिथे रंगाची रेघ मारून साल लिहून ठेवा. वरच्या अंगाला पूल किंवा बंधारा असेल तर तिथल्या एखाद्या माणसाशी बोलून ठेवा. तिकडे पाणी चढल्यावर आपल्याकडे यायला किती वेळ लागतो, हे दोन-तीन पावसाळे नोंदवलं की अंदाज पक्का होतो. डोंगरउतारावर असं घड्याळ नसतं. तिथे खुणांवरच वेळ ओळखावी लागते: जमिनीला नव्या भेगा, अचानक घट्ट बसू लागलेली दारं, कललेली झाडं, गढूळ झालेला झरा, भर पावसात एकाएकी आटलेला ओढा. यातली एक जरी दिसली तरी तिथून निघायचं. भूकंपात तर इशाऱ्याची वाटच पाहायची नाही. तिथे जे करायचं ते आधीच: कपाटं भिंतीला जखडणं, कच्च्या भिंतींना आधार देणं.

आता दुसरं घड्याळ लावा, सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचं. हा भाग घाईने उरकू नका. प्रत्येक घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला ऐकू येत नाही, कोण गरोदर आहे, कोणाला औषध थंड ठेवावं लागतं, हे घरोघरी जाऊन लिहा. बैठकीत हे कुणी सांगत नाही. मग सुरक्षित जागेपर्यंत खरोखर चालून बघा. तरण्या पोरांना पाठवू नका, आजींना घेऊन जा, आणि एकदा तरी अंधारात. वाटेत ओढा ओलांडावा लागत असेल तर ती वाट बाद. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे 15 सेंटीमीटर खोल वेगवान पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं.

बेरीज मांडा. समजा, निरोप पोचायला 20 मिनिटं, दारं ठोठावायला 30, सामान आवरायला 30, चालायला 40. झाले दोन तास. पाणी यायला तीन तास लागत असतील तर उरलेला तास हा 'थांबा, जरा बघू' म्हणण्यातच जातो. तोही हिशेबात धरा, माणसं तो घेतातच.

कोलंबियातल्या आर्मेरो शहराचं उदाहरण मी दर बैठकीत सांगते. 13 नोव्हेंबर 1985 च्या रात्री नेवादो देल रुईझ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, बर्फ वितळला आणि चिखलाचा लोंढा शहरावर आला. वीस हजारांहून जास्त माणसं गेली. शहर धोक्यात असल्याचं दाखवणारा नकाशा आधीच तयार होता. उद्रेकानंतर लोंढा पोचायलाही दोन तासांहून अधिक वेळ लागला. नकाशा होता, वेळ होता, पण शहर रिकामं झालं नाही.

म्हणून निर्णय आधीच, कोरड्या दिवशी घेऊन टाका. 'पुलाच्या तिसऱ्या खुणेला पाणी लागलं की निघायचं' असं एक वाक्य लिहा. ते जाहीर करणारा एक माणूस ठरवा आणि तो नसेल तर पुढचे दोन. त्यांनी कुणाला फोन करून परवानगी मागायची नाही. कधी विनाकारण निघावं लागेल, लोक वैतागतील. तरी जाहीर करणाऱ्याला दोष द्यायचा नाही, हेही त्याच बैठकीत सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

भोंगा वाजला तरी काही घरं हलत नाहीत, आणि त्याला कारणं असतात. बांगलादेशात 1991 च्या चक्रीवादळात सुमारे 1 लाख 38 हजार माणसं मेली, त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. घरच्या पुरुषाला विचारल्याशिवाय निघायचं कसं, परक्या पुरुषांच्या गर्दीत राहायचं कसं, गुरं सोडायची कशी, या प्रश्नांत अनेकींचा जीव अडकला. तेव्हा निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी खोली आणि आतून कडी लागणारं शौचालय आहे का, जनावरांना उंच जागा आहे का, हे आधी बघा. दार ठोठावणाऱ्यांत निम्म्या बायका ठेवा, त्यांना घरात घेतात. निवाऱ्याची किल्ली कुणाकडे, हे तर विचारूच नका, रात्री दोनला जाऊन कुलूप उघडून घ्या. खरेदीची यादी आता काढा. ती निम्म्यावर येते.

मुलांना यात घ्याच. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर 1907 च्या त्सुनामीची आठवण गोष्टी आणि गाण्यांतून टिकली होती: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळा. 26 डिसेंबर 2004 ला लोक तसेच पळाले आणि सुमारे 78 हजारांच्या वस्तीत दगावलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे सायरन नव्हता.

आराखडा एका पानात बसवा आणि दर्शनी भागी लावा. घरोघरची यादी मात्र दारं ठोठावणाऱ्यांकडेच राहू द्या, कोण आजारी आहे हे भिंतीवर टांगायचं नसतं. भाडेकरू बदलला, कुणाचं बाळंतपण झालं, कुणाचा पाय मोडला, की त्याच आठवड्यात तीत दुरुस्ती करून खाली नवी तारीख टाका.