ओएलईडी टीव्ही घरी आल्यावर पहिले आठ दिवस काय करावे

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ५५ इंची ओएलईडी टीव्ही आला, तेव्हा घरातून दोनच वाक्यं ऐकू आली. "केवढा पातळ आहे!" आणि पाठोपाठ, "पण दुकानात जास्त चमकत होता ना?" दोन्ही खरंच होतं. दुकानातल्या लखलखाटात तग धरायला टीव्ही भडक करून ठेवलेला असतो. ओएलईडीची, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या पडद्याची, खरी ओळख मात्र अंधारात पटते, आणि ती पटायला आठवडा लागतो. तो आठवडा असा घालवा.

आधी भिंत ठरवा. ओएलईडीचा पडदा बहुधा चकचकीत असतो, म्हणून बाल्कनीच्या दारासमोरची भिंत टाळा. नाहीतर दुपारी सिनेमाऐवजी समोरची इमारतच दिसेल. ५५ इंचासाठी सहा-सात फुटांवर बसणं चांगलं. पंचवटीकडच्या जुन्या वाड्यात राहत असाल आणि भिंत विटामातीची असेल, तर ब्रॅकेट ठोकण्यापेक्षा भक्कम टेबलावर स्टँडवर ठेवा. खोक्यातून काढताना माणसं दोन हवीत. कडेला आणि खालच्या जाड भागाला धरा, पडद्यावर बोटं दाबू नका, आणि टीव्ही उभाच ठेवा.

चालू केल्यावर 'घर' की 'दुकान' असं विचारलं जातं, तिथे घर निवडा. मग पिक्चर मोडमध्ये जा. 'व्हिव्हिड' सोडून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' लावा. पहिल्या संध्याकाळी चित्र पिवळसर वाटेल. आमच्याकडेही सगळ्यांनी तसंच म्हटलं. लगेच बदलू नका. वर्षानुवर्षं निळसर पांढरा बघितल्यामुळे डोळे त्यालाच पांढरा समजतात. तीन-चार दिवसांनी पुन्हा 'व्हिव्हिड' लावून बघा, माणसांचे चेहरे खडूसारखे दिसतील.

याच वेळी मोशन स्मूदिंग शोधून बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण काम एकच: सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेल्या सिनेमात टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो, आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. क्रिकेटला थोडं ठेवलंत तर चालेल. वीज वाचवण्याचा मोडही एकदा बंद करून बघा. पुष्कळदा चित्र फिकं दिसण्याचं कारण तोच असतो.

आता दिवे बंद करा. रामकुंडावर संध्याकाळी मोबाइलवर घेतलेला एक व्हिडिओ मी पेनड्राइव्हवरून लावला. काळ्या पाण्यावर द्रोणातला एकच दिवा तरंगत चाललाय. जुन्या एलईडी टीव्हीवर त्या ज्योतीभोवती पांढुरकं धुकं असायचं आणि पाणी राखाडी दिसायचं, कारण तिथे पडद्यामागचे दिवे पूर्ण विझत नाहीत. इथे ज्योतीची कड सुरीने कापल्यासारखी होती. अंधारात मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे आलेला रवाळपणा दिसला, पण धुकं नव्हतं. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात, आणि ओएलईडीत प्रत्येक जण आपापला उजेड देतो. काळं दाखवायचं की तो विझतो. जास्तीचे पैसे आपण याच्यासाठी मोजलेले असतात, म्हणून ही पाच मिनिटं चुकवू नका.

त्याच अंधारात पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि गडद राखाडी असे एकरंगी पडदे लावून मेलेले, म्हणजे न उजळणारे, पिक्सेल तपासा. गडद राखाडीत पुसट उभ्या रेषा बऱ्याच पॅनलांत असतात; नेहमीच्या चित्रात त्या दिसत नसतील तर विसरून जा.

सेट टॉप बॉक्सचं आउटपुट एचडीवर करा. साध्या चॅनेलचं चित्र तरीही गढूळच दिसेल, त्यात टीव्हीचा दोष नाही.

बटणाची सवय मात्र मोडावीच लागते. आपल्याकडे झोपताना टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त आहे. माझी आई ते कधी विसरत नाही. पण ओएलईडी काही तास चालल्यावर, रिमोटने बंद केला की स्टँडबायमध्ये पिक्सेलांची झीज मोजून ती सावरतो. वीजच तोडली तर हे काम राहून जातं. "आई, तेवढं बटण राहू दे गं, तो आतून स्वतःची काळजी घेतोय," एवढं सांगितल्यावर तिने त्यावर चिकटपट्टीच लावली. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की मात्र टीव्ही बंद करून प्लग सरळ काढून ठेवा.

आणि बातम्यांचं चॅनेल दिवसभर लावून ठेवू नका. खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो महिनोन्‌महिने एकाच जागी राहिला, तर तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि ठसा कायमचा उमटू शकतो. टीव्हीत लोगो मंद करण्याची आणि चित्र किंचित सरकवण्याची सोय असते, ती चालूच असू द्या.

पडदा पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड पुरे. काच पुसायचा स्प्रे नको. वॉरंटी कार्डावर ठशाबद्दल काय लिहिलंय ते याच आठवड्यात वाचा, आणि खोका निदान महिनाभर तरी माळ्यावर राहू द्या.