खेकड्यांनी हॉटेल बळकावलं: फौजी टोपणनावं मराठीत कशी आणावीत

एका ब्रिटिश नौसैनिकाच्या आठवणी मराठीत आणताना मी बिनदिक्कत लिहून गेले होते: 'आम्ही पोचेपर्यंत खेकड्यांनी हॉटेलातल्या सगळ्या चांगल्या खोल्या बळकावल्या होत्या.' संपादकांनी समासात पेन्सिलीनं एवढंच विचारलं, 'भाडं कोणी भरलं?'

'क्रॅब' म्हणजे तिथे रॉयल एअर फोर्सचा माणूस. पूर्वी उवा मारायला एक निळसर-करडं मलम लावत, त्याला 'क्रॅबफॅट' म्हणत, आणि वायुदलाच्या गणवेशाचा रंग त्याच्यावर गेला, अशी याची कथा सांगतात. शिवाय आपण तंबूत झोपतो आणि वायुदलवाले हॉटेलात, ही नौदल-भूदल या बाकीच्या दोघांची जुनी तक्रार. म्हणजे माझ्या वाक्यात एकावर एक दोन चिमटे होते आणि मी मधे नुसता खेकडा सोडला होता.

तेव्हा असा शब्द आला की आधी शब्दकोश मिटा आणि कोण कोणाला म्हणतंय ते पाहा. ब्रिटिश नौदल स्वतःला 'सीनियर सर्व्हिस' म्हणवतं. याला 'वरिष्ठ सेवा' केलंत तर ते सरकारी परिपत्रक होईल. मी 'थोरली पाती' करते. मग १ एप्रिल १९१८ ला जन्मलेलं वायुदल आपोआप शेंडेफळ ठरतं. (जन्मतारीखच एप्रिल फूलची, थोरल्यांना आणखी काय हवं?)

मग आवाज पाहा. नौसैनिक भूदलवाल्यांना 'पाँगो' म्हणतात आणि वर ठेवणीतलं वाक्य टाकतात, की जिथे आर्मी जाते तिथे 'पाँग', म्हणजे दुर्गंध, जातो. अर्थ सोपा आहे, पण यमक सुटलं तर विनोद संपला. मी दोन दिवस 'घाण', 'वास', 'कुबट' घोळवत बसले. शेवटी भाजी निवडताना सुचलं: 'जिथं पायदळ, तिथं परिमळ.' नुसतं पायदळ म्हणजे सगळं भूदल नव्हे, हे मलाही कळतं. पण यमकासाठी एवढी सूट मी घेते. अमेरिकेत वायुदलाला 'चेअर फोर्स' म्हणतात, एअरला चेअर जोडून. 'खुर्चीदल' कळतं, पण हसू येत नाही. 'वायुदल नव्हे, वामकुक्षीदल' म्हटलं की येतं. तटरक्षकांच्या 'पडल पायरेट्स'चे मी 'डबक्यातले दर्यावर्दी' केले. चाचे गेले त्यात, जाऊ देत.

एकेरी टोपणनावाला मराठीत तयार साचा आहे: ढापण्या, टकल्या, बुटक्या. 'जारहेड' म्हणजे अमेरिकी मरीन, समुद्रातून किनाऱ्यावर चढाई करणाऱ्या दलातला सैनिक. कोणी म्हणतं डोकं तासल्यामुळे, कोणी म्हणतं गणवेशाच्या उंच कॉलरमुळे. दोन्ही कथांत डोकं बरणीसारखं दिसतं, म्हणून मी 'मडक्या' करते. मडकं रिकामं असल्याची शंका फुकट मिळते. खेकड्यांचंही शेवटी तसंच केलं: पहिल्या उल्लेखात 'मलमरंगी गणवेशातले वायुदलवाले', पुढे नुसतं 'मलम्या'. तळटीप नको. तळटीप वाचून कोणी हसल्याचं मी पाहिलेलं नाही.

काही विनोदांना मात्र हात लावू नये. मरीन रंगीत खडू खातात, ही बाकीच्यांची लाडकी थाप; त्यावर कुठला रंग चविष्ट लागतो हे मरीनच सांगतात. हे तसंच्या तसं घ्या, बालवाडी सगळ्यांनी पाहिलेली असते. 'मरीन म्हणजे नौदलाचाच एक विभाग' या टोमण्यावरचं उत्तरही सरळ उतरतं: 'हो ना, पुरुषांचा.'

तू की तुम्ही, हे इंग्रजी सांगत नाही, तुम्हाला ठरवावं लागतं. बरोबरीचे असतील तर बेधडक अरे-तुरे. 'तुम्ही'त चिडवणं नाटकी वाटतं. पण शिपाई दुसऱ्या दलाच्या अधिकाऱ्याला डिवचत असेल तर 'साहेब' राहू द्या आणि टोमणा त्याच्या मागे लपवा: 'साहेब, वामकुक्षी झाली का?' आणि तोच शब्द एखादा बाहेरचा माणूस वापरत असेल, तर बहुधा तो प्रसंग विनोदी नसतो. तिथे 'मडक्या' कापून सरळ शिवी लिहिलेली बरी.

सगळ्यात जास्त फसवलं ते शिव्यांनी नाही, दोन साध्या शब्दांनी. अमेरिकेत भूदल आणि नौदल यांच्या अकादमींमध्ये १८९० पासून अमेरिकन फुटबॉलचा सामना होतो. पहिला नौदलानं २४-० असा जिंकला. नौदलाचं शुभचिन्ह बोकड, भूदलाचं खेचर, आणि सामन्याआधी एकमेकांची जनावरं पळवण्याचे उद्योगही झाले आहेत. त्या सामन्यावरच्या एका माहितीपटाच्या उपशीर्षकांत प्रशिक्षक खेळाडूंना ओरडून सांगतो, 'सिंग सेकंड!' मी लिहिलं, 'दुसऱ्यांदा गा!' वास्तविक सामना संपला की दोन्ही संघ एकत्र उभे राहून दोन्ही अकादमींची गीतं म्हणतात: आधी हरलेल्यांचं, मग जिंकलेल्यांचं. ओळीला जागा होती वीस-बावीस अक्षरांची. दुरुस्त करून लिहिलं: 'आज आपलं गाणं शेवटी!'