दोन गुंठ्यांच्या परड्यात कोंबडी रवणाला (अंडी उबवायला) कशी बसवावी

संगमेश्वरजवळ आमचं घर आणि मागे जेमतेम दोन गुंठे परडं. न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू नि केळी, मृगात मांडवावर पडवळ-दोडकी, दिवाळीनंतर लाल माठ आणि मुळा. भाजी कोणालाही जमते. लोक अडतात ते कोंबड्यांपाशी.

पहिल्या वर्षी मी दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून रंगवलेली वीस पिल्लं घेतली होती. महिन्याभरात तीन उरली. तेव्हापासून विकतची पिल्लं बंद. चार गावठी तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या) आणि एक कोंबडा आणा, पुढचं काम कोंबडीच करते.

अंडी घालायची थांबली, जागेवरून हलेना, हात नेला की पिसं फुलवून टोचायला लागली, म्हणजे ती खुडूक झाली. लगेच बसवू नका, दोन दिवस तिचा हट्ट टिकतो का बघा. आणि पावसाळ्यात तर मुळीच नको. ओलीत पिल्लं गारठून जातात. मी दिवाळीनंतरच बसवते.

अंडी आठवड्याच्या आतली, बिनतड्याची, मध्यम आकाराची घ्या. फ्रिजमधली नकोत आणि धुवायची तर अजिबात नाहीत. गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा मावतात. माझ्या जावेने अठरा ठेवली होती, कडेची सगळी गार पडली. पसरट टोपलीत तळाला चुलीची राख, वर निगडीचा पाला (पिसवा होत नाहीत) आणि त्यावर भाताचा पेंढा. कोंबडीला रात्रीच उचलून ठेवा. दिवसा ठेवलीत तर उठून जुन्या जागेवर जाऊन बसते. सासूबाई टोपलीत एक लोखंडी खिळा टाकत, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. मीही टाकते. त्याने काय होतं ते विचारू नका.

रोज एकदा ती दाणे, पाणी आणि धुळीत लोळायला उठते. वीस मिनिटांत परतली नाही तर हुसकून आत घाला. आठव्या दिवशी काळोखात अंड्यामागे बॅटरी धरा. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. नुसतंच स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून टाका.

एकविसाव्या दिवशी टोची मारायला लागतात. कवच सोलून मदत करायचा मोह होतो, करू नका. पहिला दिवस पिल्लांना खायलाही लागत नाही, पोटात बलक असतो. मग तांदळाची कणी आणि वारुळाच्या ढेकळातली वाळवी. वाळवी दिसली की आई अशी काही हाक घालते की पिल्लं तुटून पडतात. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून, नाहीतर बुडून मरतात. सातव्या दिवशी मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचा एकेक थेंब डोळ्यात. कुपी शंभर पिल्लांची असते आणि कालवली की लगेच संपवावी लागते, म्हणून आधी शेजारच्या दोन-तीन घरांना सांगून ठेवा. आणायची ती बर्फात.

महिनाभर डाल्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवा, वर घार आणि खाली मुंगूस. नंतरही मोकळी सोडायची ती दुपारी चारनंतर. एकदा मी सकाळी सोडली आणि माठाचा अख्खा वाफा तासाभरात उकरून ठेवला. खुराड्यातली विष्ठा ताजी घालू नका, मुळं जळतात; पाल्याबरोबर तीन महिने कुजवून मगच भाजीला.

तलंगा ठेवायच्या. दिवाळीनंतरचे नर गटारीपर्यंत बरोबर अंगाला येतात, नातवाने त्यांना नावं ठेवली नसतील तर.