जुन्या रिरायटेबल डिस्क वाचायला बसण्याआधी

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या वरच्या कप्प्यातला डिस्कचा डबा खाली आला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'बघ रे, यात काय आहे ते.' बघायला बसण्याआधी थोडी तयारी करा. एकदाच बर्न करून बंद केलेल्या साध्या सीडीला ती फारशी लागत नाही. पण पेन ड्राइव्ह महाग होते त्या काळात अनेकांनी सीडी-आरडब्ल्यूवर फ्लॉपीसारख्या फायली ओढून टाकल्या. या डिस्कवर पुन्हा लिहिता येतं, त्यामुळे वाचायला बसलेल्या माणसाच्याच हातून त्या पुसल्या जाऊ शकतात.

माझ्या हातून एक पुसली गेली आहे. आत्याकडची डिस्क होती, वर बॉलपेनने लिहिलेलं : 'मुंज, बाकीचे फोटो'. ड्राइव्हमध्ये घातली, विंडोजने विचारलं की डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का, आणि मला वाटलं डिस्क कोरीच आहे. मी 'हो' म्हटलं. बराच वेळ ड्राइव्ह गुरगुरत राहिला आणि शेवटी खरोखरच कोरी डिस्क बाहेर आली. आत्या काही बोलली नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो : फॉरमॅटचा प्रश्न आला की 'नाही'. डिस्क रिकामी दिसली, शून्य बाइट दाखवली, तरी 'नाही'. अशा डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीला यूडीएफ म्हणतात. तिची माहिती ठेवणारे दोन-चार सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचता आले नाहीत, तरी संगणक अख्खी डिस्क कोरी समजतो. फायली मात्र त्यावर जशाच्या तशा असू शकतात.

आता टेबल मोकळं करा आणि डिस्कच्या दोन गड्ड्या लावा. एकीत आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या, दुसरीत आरडब्ल्यू, म्हणजे पुन्हा लिहिता येणाऱ्या. हे आतल्या कड्याजवळ किंवा लेबलावर छापलेलं असतं. ही वाटणी अगदी सुरुवातीलाच करा, कारण दोन्ही गड्ड्यांना ड्राइव्ह वेगवेगळा लागतो. आरडब्ल्यूसाठी शक्यतो फक्त वाचणारा डीव्हीडी-रॉम ड्राइव्ह शोधा. जुन्या डेस्कटॉपमध्ये तो अजून सापडतो. त्यात लिहिण्याची सोयच नसल्याने तुम्ही चुकून काहीही दाबलंत तरी डिस्कला धक्का लागत नाही. ड्राइव्ह फार जुना सीडी-रॉम असेल तर मात्र उपयोग नाही. साध्या सीडीच्या मानाने आरडब्ल्यूचा थर फारच कमी प्रकाश परत पाठवतो, आणि १९९७च्या आधीच्या बहुतेक ड्राइव्हना तो पुरत नाही. सीडी-आरचं उलट आहे. त्यावर ओढून टाकलेल्या फायलींचं सेशन, म्हणजे एका बैठकीतलं लिखाण, कुणी बंद केलं नसेल, तर रॉम ड्राइव्हला त्यातलं काहीच दिसत नाही. अशी डिस्क रायटरमध्येच, म्हणजे लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्येच, घालावी लागते. घाबरू नका, आर डिस्कवर एकदा लिहिलेलं पुसलं जात नाही.

मग डिस्क स्वच्छ करणं. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यानंतर प्लॅस्टिकच्या पाकिटांना बुरशी येते आणि पाकीट डिस्कला चिकटून बसतं. खेचू नका. कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचे दोन थेंब टाका, डिस्क पाकिटासकट त्यात भिजू द्या, ते आपोआप सुटतं. लेबल कागदी असेल तर भिजवणं टाळा आणि खालची बाजू ओल्या कापसाने पुसा. पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या. हात मधल्या भोकाकडून सरळ कडेकडे न्या, गोल फिरवू नका. यामागे कारण आहे. सीडीतली दुरुस्तीची व्यवस्था ट्रॅकवरची सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट भरून काढते. कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक फेऱ्याला जरासाच छेदतो, तेवढं सहज भरून निघतं. गोल ओरखडा ट्रॅकच्या सोबतीने लांबच लांब जातो, आणि तिथला मजकूर जातो तो जातोच. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावू नका, त्यांनी प्लॅस्टिकच धुरकट होतं.

त्या काळी या डिस्क ज्या प्रोग्रॅमने बनवल्या, डायरेक्टसीडी, इनसीडी वगैरे, ते शोधून नव्या संगणकावर टाकायचा मोह होतो. टाकू नका. विंडोज एक्सपीपासूनच यूडीएफ २.०१ पर्यंतच्या डिस्क वाचता येतात, मॅक आणि लिनक्सलाही येतात. विंडोज ९८च्या दिवसांत वेगळा रीडर लागायचा, ती आठवण मनातून काढा. हे प्रोग्रॅम ड्राइव्हच्या मध्ये आपला ड्रायव्हर घुसवतात, दोन प्रोग्रॅम एकत्र आले की भांडतात, आणि काढून टाकल्यावर कधीकधी ड्राइव्हच संगणकातून गायब होतो. तुमच्याकडे ड्राइव्ह असाच नाहीसा झाला असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ३१ किंवा ३९ क्रमांकाचा एरर कोड दिसत असेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, सीडी ड्राइव्हच्या नोंदीत त्या ड्रायव्हरचे उरलेले अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स काढावे लागतात. रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊनच. ड्राइव्ह विकत घेतलेला, यूएसबीचा असेल तर केबल थेट संगणकाला लावा. हबमधून त्याला वीज कमी पडते आणि डिस्क फिरता फिरता थांबते.

आता मुख्य काम. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. फायली एकेक कॉपी करू नका, आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी एकच मोठी फाइल, काढा. एकेक फाइल ओढताना वाईट सेक्टर लागला की संगणक अडून बसतो, ड्राइव्ह तीच जागा पुन्हापुन्हा वाचत राहतो, आणि तुम्ही वैतागून भलतंच बटण दाबता. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे. त्याला ब्लॉकचा, म्हणजे एका सेक्टरचा, आकार २०४८ बाइट सांगा आणि मॅपफाइल द्यायला विसरू नका. आधी ते सहज वाचता येतं तेवढं घेतं, अडलेल्या जागांची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं आणि मग त्यांच्याकडे वळतं. खरी गंमत पुढे आहे : डिस्क काढून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, तीच मॅपफाइल पुन्हा द्या, आणि ते फक्त राहिलेल्या जागा वाचायला जातं. एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याला दिसतात, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून शेजारीपाजारी विचारून दोन-तीन ड्राइव्ह गोळा करून ठेवणं हीसुद्धा तयारीच. विंडोजवर काम करायचं असेल तर आयसोबस्टर यूडीएफची मोडकी रचनाही उलगडून दाखवतं. हार्डडिस्कवर प्रत्येक डिस्कमागे ७०० एमबी जागा मोकळी ठेवा आणि लॅपटॉप मध्येच झोपणार नाही अशी सेटिंग करा.

सगळं करूनही डिस्क खरंच कोरी निघाली, तर त्या काळचा संगणक किंवा त्याची हार्डडिस्क अजून घरात आहे का बघा. विंडोज एक्सपीमध्ये फायली सीडीच्या चिन्हावर ओढल्या तरी त्या डिस्कवर जात नसत. त्या 'सीडी बर्निंग' नावाच्या फोल्डरमध्ये थांबून राहत आणि 'राइट'ची आज्ञा दिल्यावरच बर्न होत. अनेकांनी ती आज्ञा कधी दिलीच नाही आणि कोरी डिस्क नाव घालून कपाटात ठेवली. तो फोल्डर लोकल सेटिंग्ज, ॲप्लिकेशन डेटा, मायक्रोसॉफ्ट या वाटेने सापडतो.

डीटीपी करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. दिवाळी अंकाचा, लग्नपत्रिकेचा किंवा पाठ्यक्रमाचा मजकूर त्या डिस्कवर असेल, तर फाइल परत मिळूनही ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसेल. ती फाइल खराब झालेली नाही. युनिकोडच्या आधी श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये काम चालायचं आणि प्रत्येकाचे संकेत वेगळे होते. त्याच डिस्कवर किंवा जुन्या मशीनवर फॉन्टच्या फायली असतील तर त्या आधी वेगळ्या काढून ठेवा, मगच मजकूर युनिकोडमध्ये बदलायला घ्या.

कुणाला अजूनही आरडब्ल्यूवर नव्याने लिहायचं असेल, तर थोडक्यात. डिस्कवर हाय स्पीड किंवा अल्ट्रा स्पीड छापलंय का बघा, जुन्या ४एक्स, म्हणजे चौपट वेगाच्या, रायटरला त्या लिहिता येत नाहीत. फॉरमॅट पूर्ण होऊ द्या. ६५० एमबीच्या डिस्कवर साधारण ५३० एमबीच मिळाले तर दोष शोधू नका. मजकूर ३२ ब्लॉकच्या गठ्ठ्यांत जातो आणि प्रत्येक गठ्ठ्यामागे ७ ब्लॉक जोडणीला खर्च होतात. काम झालं की ड्राइव्हचं बटण न दाबता एक्सप्लोररमध्ये चिन्हावर राईट-क्लिक करून इजेक्ट म्हणा आणि दिवा विझेपर्यंत थांबा. वीज जाण्याची भीती असेल, लोडशेडिंगचे दिवस असतील, तर यूपीएस नसताना लिहायला बसूच नका. फायलींची यादी लिहिली जात असताना वीज गेली, की डिस्क त्या सुरुवातीच्या फॉरमॅटच्या प्रश्नापाशी येऊन थांबते.